पुण्याला बिऱ्हाड हलवू का?

प्रश्न : मी मंगळवार पेठेत राहते. आमचं एकत्र कुटुंब आहे. मुलगा शंभू (नाव बदललं आहे) चार वर्षांचा. पाच महिन्यांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं सांगितलं. तो चार-पाच शब्द बोलतो, पण गरज असते तेव्हा नाही. हाक मारली तर बघत नाही. दारातल्या चपला ओळीनं लावत बसतो आणि कुणी चप्पल घालून निघालं की आकांत करतो. काही हवं असलं की माझा हात धरून फ्रिजपाशी नेतो. मिक्सर लावला की कान झाकून पळतो. सासूबाई म्हणतात, "ह्याचा बाबा बी चौथ्या वर्षी बोलाय लागला, कशाला डॉक्टर करत बसलाय?" लसीमुळं असं होतं असं जाऊबाईंनी सांगितल्यापासून मी धाकटीची (वय 11 महिने) गोवराची लस पुढं ढकलली आहे. मिस्टर शिरोलीला फौंड्रीत आहेत. ते काही बोलत नाहीत, पण रात्री मोबाइलवर स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारांचे व्हिडिओ बघतात आणि पन्हाळ्याकडची जमीन विकायची भाषा करतात. पुण्याच्या एका केंद्रात सांगितलं, पाच वर्षांच्या आत रोज थेरपी मिळाली नाही तर पुढं उपयोग नाही. दोन्ही मुलांना घेऊन मी पुण्यात खोली करून राहू का? शंभूच्या वेळी मी शेवटपर्यंत नोकरी केली, नंतरही त्याच्या हातात मोबाइल देऊन कामं उरकली. माझंच चुकलं का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, पण एक काम त्या सगळ्यांच्या आधी करायचं आहे. धाकटीला गोवराची लस द्या. याच आठवड्यात, जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात. नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायचा हा डोस उशिरा दिला तरी चालतो, पण टाळून चालत नाही. गोवर म्हणजे नुसतं अंगावर पुरळ नव्हे. त्यातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, बाळं दगावतात. लसीमुळं ऑटिझम होतो हा समज 1998 साली ब्रिटनमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरच्या निबंधातून पसरला. अवघ्या 12 मुलांवरचा निबंध होता तो. त्यातली माहिती फिरवलेली होती हे पुढं उघडकीला आलं. 2010 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकानं तो मागं घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, तो 2019 साली प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमच्या बाबतीत फरक नव्हता. जाऊबाईंचा हेतू वाईट नसणार. गोवराचा दुसरा डोस दीड वर्षाच्या आसपास असतो आणि आपलं मूल बोलत नाही, वळून बघत नाही, हे आईबापांच्या लक्षात येण्याचं वयही नेमकं तेच. म्हणून लोक दोन्हीची गाठ घालतात.

धाकटीबद्दलची एक धास्ती तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण ती मनात असणार. एका मुलाला ऑटिझम असला तर पाठच्या भावंडाला तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. मुलींमध्ये त्याहून कमी. म्हणजे तिला काही नसण्याचीच शक्यता कितीतरी जास्त आहे. हाकेला वळते का, दीड वर्षाची होईपर्यंत बोट करून 'ते बघ' असं दाखवायला लागते का, एवढंच बघत राहा. तसं झालं नाही तर मात्र कुणाच्या सांगण्यावरून थांबू नका, लगेच दाखवा.

आता पत्रातली शेवटची ओळ. नाही ताई, तुमचं चुकलेलं नाही. आयांच्या मनात हा प्रश्न आपोआप आलेला नाही, तो घातला गेला आहे. 1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमची पहिली नीट नोंद केली, त्यात आईबापांच्या थंडपणाचाही उल्लेख होता. पुढं कित्येक वर्षं डॉक्टर आयांना तोंडावर सांगत राहिले की तुम्ही माया केली नाही म्हणून मूल असं झालं. किती बायका या एका वाक्याखाली पिचल्या असतील, याचा विचार केला की आजही राग येतो. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. हा आजार मायेच्या अभावाचा नाही, शरीराच्या जडणघडणीचा आहे, असं त्यांनी 1964 साली ठणकावून मांडलं. 1977 साली ब्रिटनमध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला आणि आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट दिसला. मेंदूची ही वेगळी घडण मूल पोटात असतानाच सुरू झालेली असते. तुमच्या नोकरीनं ती झाली नाही आणि मोबाइलनंही नाही. मोबाइल कमी करायचाच आहे, पण वेगळ्या कारणासाठी. तो हातात असतो तितका वेळ शंभूशी कुणी बोलत नाही, आणि त्याला बोलणाऱ्या माणसांची गरज इतर मुलांपेक्षा जास्त आहे. एकदम काढून घेऊ नका. आधी जेवतानाचा बंद करा, मग झोपतानाचा.

सासूबाईंशी वाद घालू नका. बाबा उशिरा बोलायला लागले हे खरंच असेल. पण नुसतं उशिरा बोलणारं मूल खुणा करतं, बोट दाखवतं, हाकेला बघतं, खोटं-खोटं जेवण करून आजीला भरवतं. शंभू यातलं बरंचसं करत नाही, म्हणून डॉक्टरांनी निदान केलं. त्याची कानाची तपासणी, बेरा म्हणतात ती, झाली नसेल तर करून घ्या. ऐकण्यात दोष नाही ना, एवढं पक्कं झालं पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. पुण्यात खोली करू नका.

हे मी पुण्यातल्या थेरपिस्टना कमी लेखून म्हणत नाही. तिथं चांगली माणसं आहेत आणि तुम्ही त्यांच्याकडं जात राहा. पण दिवसाचा हिशेब मांडून बघा. थेरपीचा तास बहुधा पाऊण तासाचा. शंभू दिवसाचे बारा-तेरा तास जागा असतो. बाकीचा सगळा वेळ तो ज्यांच्यात असतो, त्यांच्याकडूनच शिकणार. पुण्यात ती माणसं म्हणजे एकट्या तुम्ही, कडेवर अकरा महिन्यांची मुलगी, अनोळखी गल्ली, आणि बाबा रविवारी आले तर आले. ज्या मुलाला दारातली एक चप्पल हललेली सोसत नाही, त्याचं अख्खं घर हलवायचं? कोल्हापुरात आजी आहे, आजोबा आहेत, जाऊबाईंची मुलं आहेत, ओळखीचा रस्ता आहे. हे सगळं पैसे देऊन मिळत नाही.

पाच वर्षांची जी भीती तुम्हाला घातली, ती तशी खरी नाही. लवकर सुरुवात केलेली चांगलीच, त्यात वाद नाही. पण पाचव्या वाढदिवसाला काही संपत नाही. अमेरिकेत 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चौथ्या वर्षी ज्यांची भाषा फार मागं होती अशी ऑटिझम असलेली 535 मुलं त्यात होती. आठव्या वर्षापर्यंत किंवा त्यानंतर त्यातली 70 टक्के मुलं शब्द जोडून बोलायला लागली होती आणि 47 टक्के मुलं अस्खलित बोलत होती. काही मुलं बोललीच नाहीत हेही खरं, त्यांच्यासाठीही मार्ग आहे, तो पुढं सांगते. पण 'आता नाही तर कधीच नाही' असं म्हणून आईच्या काळजाला हात घालणाऱ्या केंद्राबद्दल मला शंका वाटते, मग ते कुठल्याही शहरातलं असो.

घरच्यांनी शिकवलेलं खरंच चालतं का, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या शेजारी, गोव्यात, आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून याचा नीट प्रयोग झाला. 2016 साली तो प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांची 65 मुलं होती. मोठे तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्या साधारण पंधरवड्यानं एकदा, अशा 12 वेळा घरच्यांना भेटायच्या. आई मुलाशी खेळताना चित्रीकरण करायचं, मग दोघींनी बसून ते बघायचं : इथं तो तुझ्याकडं वळला होता, इथं तू घाई केलीस, इथं थांबलीस आणि बघ त्यानं काय केलं. आईबाप मुलाच्या कलानं घ्यायला शिकले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. ऑटिझम गेला नाही, तसा दावाही कुणी केला नाही. पण मूल आपणहून माणसाकडं वळायला लागणं, ही चार वर्षांच्या शंभूसाठी सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

तेव्हा फ्रिजपासून सुरुवात करू. तो हात धरून नेतो, तुम्ही दार उघडता, दूध देता, तो जातो. त्याला काय हवंय हे तुम्हाला इतकं पाठ झालंय की सांगायची गरजच उरलेली नाही. उद्या तो नेईल तसं जा, पण दार उघडू नका. खाली बसा, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येईल असं. हसत थांबा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, तरी मोजा. त्यानं तुमच्याकडं नुसतं बघितलं, दाराला हात लावला, 'अं' केलं, काहीही केलं, की लगेच "दूध! शंभूला दूध," म्हणा आणि द्या. 'आधी दूध म्हण, मग देते' अशी अट कधीही घालू नका. तो हटून बसेल आणि बोलणं म्हणजे परीक्षा असं त्याच्या डोक्यात बसेल. आठवडाभर हे जमलं की एका हातात दुधाचा पेला, दुसऱ्या हातात केळं धरा आणि त्याला निवडू द्या.

चपलांचा खेळ मोडू नका, त्यात शिरा. त्याच्या शेजारी बसा आणि तो ठेवेल तशीच एक चप्पल तुम्ही ठेवा. पहिल्या दिवशी तो तुमची चप्पल उचलून फेकेल. फेकू द्या. मग चपला तुमच्याकडं घ्या आणि एकेक त्याच्या हातात द्या : "आजीची." "बाबांची." त्याला पुढची चप्पल हवी असेल तर तुमच्याकडं वळावंच लागेल. आणि मिस्टरांना सांगा, निघताना मुकाट्यानं चप्पल घालून जाऊ नका. आधी त्याच्यासमोर वाका, "बाबा चालले, बाबांची चप्पल," म्हणा, आणि त्या जागी एखादी जुनी चप्पल ठेवा. ओळ मोडली नाही की अर्धा आकांत कमी होतो, हे तुम्हाला दिसेल.

सासूबाईंना मी यात मोठं काम देणार आहे. त्या भाकरी थापतात तेव्हा शंभू बघत बसत असेल तर त्याला परातीसमोर बसवा. थाप, थाप, थाप, आणि मध्येच थांबायचं. हात तसाच परातीवर. तो वर बघेल. बघितलं की "थाप!" म्हणून पुन्हा सुरू. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द गाळून तसंच थांबायचं. रंकाळा तलावाकाठी झोपाळ्यावर बसवलं की "एक, दोन..." म्हणून झोपाळा धरून ठेवायचा. त्यांना 'थेरपी' हा शब्द सांगूच नका. 'आत्ती, तुमच्याकडं तो बघतो, माझ्याकडं बघत नाही, तुम्हीच करा,' एवढं म्हणा. आणि घरात सगळ्यांनीच एक सवय सोडायची : "हे काय? रंग कुठला? गाय कशी ओरडते?" मुलाला दिवसभर प्रश्न विचारू नका. तो जे बघतोय त्याचं नाव घ्या आणि गप्प बसा.

बोलायचं मराठीतच. दोन भाषांनी मूल गोंधळतं, इंग्रजीच बोला, असं शाळावाले आणि कधीकधी थेरपिस्टही सांगतात. ऑटिझम असलेल्या मुलांवर या बाबतीत झालेल्या अभ्यासांत दोन भाषांमुळं नुकसान झालेलं दिसलेलं नाही. उलट आजी ज्या भाषेत लाड करते, शिव्या घालते, गोष्ट सांगते, ती भाषाच मुलापासून तोडली तर त्याच्याशी घरात बोलणार कोण?

शब्द येईपर्यंत चित्रं वापरा. दूध, पाणी, शी-शू, झोपाळा, नको, यांचे फोटो काढून छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, फ्रिजवर लावा. चित्राची सवय लागली तर मूल बोलणार नाही ही भीती निराधार आहे. सांगायचा मार्ग सापडला की मुलाची चिडचिड कमी होते आणि बोलण्याला मदतच होते. आयआयटी मुंबईनं तयार केलेलं 'जेलो' नावाचं मोफत अॅप मराठीतही चालतं. जी मुलं पुढंही बोलत नाहीत, ती अशा साधनांनी आपलं म्हणणं सांगतात, शिकतात. मघाशी म्हटलेला मार्ग तो हाच.

मिक्सरचं कारण वेगळं आहे. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो या मुलांना खरोखर सोसत नाही. लावण्याआधी सांगा, शक्य असेल तर बटण त्यालाच दाबू द्या. कधी सुरू होणार हे आपल्या हातात असलं की भीती कमी होते. मिस्टर फौंड्रीत आहेत, तिथं कानावर लावायचे इअरमफ त्यांना माहीत असतील. लहान मुलांच्या मापाचेही मिळतात. त्यांनी आणावेत आणि आधी स्वतःच्या कानाला लावून दाखवावेत. आणि गणपतीच्या मिरवणुकीत, डॉल्बीच्या भिंतीसमोर त्याला 'सवय होईल' म्हणून नेऊ नका. सवय होत नाही. त्या दिवशी दोघांनी त्याला घेऊन सरळ गावाकडं जावं. महाद्वार रोडच्या गर्दीत तो जमिनीवर लोळला तर तो हट्ट नसतो, त्याला आवरेनासं झालेलं असतं. रागावू नका, समजावूही नका. कमी गर्दीच्या बाजूला न्या आणि गप्प शेजारी बसा. बघणारे बघतील.

कोल्हापुरात थेरपिस्ट निवडताना तीन गोष्टी बघा. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का. तिला क्रमांक असतो, तो विचारायला संकोच करू नका. आईला आत बसू देतात का. ज्या खोलीचं दार आईच्या तोंडावर बंद होतं, तिथं शिकलेलं घरी येत नाही. आणि 'बरा करून देतो' असं म्हणतात का. म्हणत असतील तर उठून या. सीपीआर या सरकारी रुग्णालयातही चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेपाची, म्हणजे अडचण लवकर ओळखून उपचार सुरू करण्याची, सोय सरकारी पातळीवर केलेली असते, ती हक्कानं मागा. शेंडा पार्कला चेतना अपंगमती विकास संस्था आहे, तिथंही एकदा जाऊन या. शाळेत घालायचं म्हणून नव्हे, तर या वाटेवर तुमच्या पुढं गेलेल्या आया भेटतील म्हणून.

जमीन विकू नका. ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेल देऊ नयेत, त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 साली स्पष्ट केलं आहे. मिस्टर बघतात ते व्हिडिओ जाहिराती आहेत. शरीरातला पारा-शिसं काढून टाकणारी औषधं म्हणून जे विकलं जातं, ते तर जिवावर बेतू शकतं. दूध आणि गहू बंद करण्यालाही ठोस पुरावा नाही. दूध पचत नाही, पोट बिघडतं, असं असेल तर डॉक्टरांना विचारून बघा. नाहीतर चार-पाच पदार्थच खाणाऱ्या मुलाच्या ताटातलं दूध काढून घेऊ नका. ती जमीन शंभू मोठा झाल्यावर त्याच्यासाठीच लागणार आहे. मिस्टरांना हे असंच सांगा. ते जमीन विकायला निघालेत ते बेफिकिरीनं नव्हे. मुलासाठी काहीतरी केलं पाहिजे, पण काय ते कळत नाही, म्हणून. त्यांना करण्यासारखं रोजचं एक काम द्या. कामावरून आल्यावर झोपाळा त्यांचा. तुम्ही घरी थांबा, बरोबर जाऊ नका.

पैशाचं बोलायचं तर आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. तिथं 'इसा' नावाच्या भारतीय मापनश्रेणीतले 40 मुद्दे विचारतात. त्याच्या चांगल्या दिवसाबद्दल नाही, नेहमीच्या दिवसाबद्दल सांगा. लहान मुलांना बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, मुदत संपली की पुन्हा तपासणी. 40 टक्के किंवा त्यावर आलं की बऱ्याच सवलती लागू होतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे आणि थेरपीच्या खर्चाचा काही भागही त्यात बसतो. 'पोराच्या कपाळावर शिक्का कशाला?' असं घरात कुणीतरी म्हणेलच. हा कागद तुमच्या कपाटात राहणार आहे, गल्लीत लावायचा नाही.

शाळेसाठी घाई नाही, पण अंगणवाडीत किंवा छोट्या बालवाडीत दोन तास बसवायला हरकत नाही. सहा ते अठरा वर्षांपर्यंत, 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यानं आहे. 'असल्या मुलांना आम्ही घेत नाही' असं कुठली शाळा म्हणाली तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा भाषा तिथंच बदलते. मूल शाळेत घातलं नाही तर आईबापांना महिना 1 रुपया दंड, असा नियम शाहू महाराजांनी 1917 साली याच गावात केला. इथल्या शाळेनं मुलाला दारातून परत पाठवावं, हे मला सहन होत नाही.

एक सूचना मात्र आजच पाळा. दाराला वर, त्याचा हात पोचणार नाही अशी कडी बसवा. ही मुलं कुणाला न सांगता निघून जातात आणि पुष्कळांना पाण्याची फार ओढ असते. अशा वेळी बुडणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. मंगळवार पेठेपासून रंकाळा किती अंतरावर आहे ते तुम्हाला माहीत आहे, आणि गावाकडं विहीर असेलच. शर्टाच्या आत फोन नंबर शिवा. सहा-सात वर्षांचा झाला की पोहायला घाला. कोल्हापुरात पोरांना पोहायला शिकवणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. शंभूला इतरांपेक्षा वेळ लागेल, पण शिकेल.

आणि तुमची झोप. तो रात्री उठत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहेत. झटके, टक लावून गोठून राहणं असं काही दिसलं तर तेही लगेच सांगा. आठवड्यातून एक दुपार धाकटी जाऊबाईंकडं, शंभू आजीकडं, आणि तुम्ही झोपा किंवा मैत्रिणीकडं जा. फार उदास वाटलं, रडू थांबेना, तर 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुण्याच्या डॉक्टरांची पुढची तारीख रद्द करू नका. तीन-चार महिन्यांतून एकदा जात राहा, आणि मिस्टरांना बरोबर न्या. स्टेम सेलचा प्रश्न त्यांनी स्वतः विचारावा आणि उत्तर स्वतःच्या कानानं ऐकावं. जाताना घरातले दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घेऊन जा, कारण दवाखान्यात मूल घरच्यासारखं वागत नाही. येताना पुढच्या तीन महिन्यांत घरी नेमकं काय करायचं, ते मराठीत कागदावर लिहून मागा. तो कागद सासूबाईंनाही वाचून दाखवा.